अठमाशी

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडे अजूनही बोललं जातं. माझी आजी म्हणायची, आई म्हणायची, वाईत आमच्या आळीतल्या जुन्या बायका आजही म्हणतात. ही समजूत आपल्यापुरतीच नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक वैद्यकीय लिखाणात अठमाशी बाळांवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे भय फार जुनं. मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात पडतो, ३४ वा आठवडा ३० व्यापेक्षा केव्हाही बरा, हे मला ठाऊक होतं. तरीही ऐन श्रावणात, ३४ वा आठवडा सरता सरता, मध्यरात्री लेकीची पाणमोट फुटली तेव्हा माझ्या कानात आजीचाच आवाज आला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्यातच आली होती. मागच्या खोलीत बाज टाकून झाली होती. शेगडी घासून ठेवली होती. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा डब्यांत भरून तयार. माझ्या आईच्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी मी शिवली होती आणि पावसाच्या उघडिपीत वाळवून एकावर एक रचली होती. ती रास तशीच राहिली.

नात जन्मली तेव्हा रडली. लहानसं, तुटक रडणं, पण रडली. मी दाराबाहेर होते, मला ऐकू आलं. मग ते थांबलं आणि दुसराच आवाज सुरू झाला. दर श्वास सोडताना ती कण्हत होती. पावणेदोन किलोचा जीव आणि म्हाताऱ्या माणसाचं कण्हणं.

डॉक्टरीणबाई ओळखीच्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "काकू, हे कण्हणं दुखण्याचं नाही. श्वास सोडताना घसा आवळून ती थोडी हवा आत अडवून धरतेय, फुप्फुसं मिटू नयेत म्हणून. पण अशी ती दमेल. दमायच्या आत तिला पुण्याला पोचवायला हवं."

त्या बोलण्याजवळ मी नंतर कितीदा तरी परत गेले आहे. जगात येऊन पाच मिनिटं झालेली नाहीत, कुणी काही शिकवलेलं नाही, आणि ती स्वतःचा श्वास स्वतः धरून ठेवते आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. जन्मताच ते पाणी ओसरून तिथे हवा भरायची असते. हवा साठते ते वायुकोश इतके बारीक, की आतल्या ओलाव्याने ते मिटून जाऊ पाहतात. ओल्या पातळाचे पदर एकमेकांना चिकटून बसावेत तसे. ते चिकटू नयेत म्हणून गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसं एक स्निग्ध द्रव पुरेसा तयार करू लागतात. सर्फॅक्टंट त्याचं नाव. दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो. मग त्याचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो.

अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासाला का मुकतात, हे कोडं १९५९ साली बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी ह्या डॉक्टरीणबाईंनी उलगडलं. पण कारण कळलं म्हणून उपाय लगेच हाती आला नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेचौतीस आठवड्यांचा, २.१ किलो वजनाचा. पॅट्रिक त्याचं नाव. तो ३९ तास जगला. वजनाने तो आमच्या मुलीहून भारी होता, दिवसांनी जवळजवळ तिच्याएवढाच. एवढ्या सत्तावान बापालाही तेव्हा त्याच्यासाठी काही आणता आलं नाही, कारण आणण्याजोगं अजून काही नव्हतंच. पुढे न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत असताना, फार लवकर जन्मलेलं एक कोकरू कुणाच्याही अपेक्षेपलीकडे श्वास घेत राहिलं. त्याला जन्माआधी स्टेरॉइड मिळालेलं होतं. त्या धाग्यावरून १९७२ साली सिद्ध झालं, की अकाली कळा लागलेल्या आईला हे इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसांपासून केलेला सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत घातल्याचं प्रसिद्ध केलं. आमच्या लेकीला वाईत स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा एक डोस मिळाला होता, पुढच्यांना सवड मिळाली नाही. पुण्याला पोचल्यावर बाळाला सर्फॅक्टंट दिला. एक गेलेलं बाळ, एक तगलेलं कोकरू, कुठल्या कुठल्या गाई. माझ्या नातीच्या श्वासामागे इतक्यांचं देणं आहे.

गाडी निघाली तेव्हा पहाट होत होती. आत काचेच्या पेटीत ती आणि शेजारी जावई. मी लेकीपाशी थांबले. तिचं रक्त फार गेलं होतं, रक्ताच्या पिशव्या चढत होत्या, डॉक्टरीणबाई तिला हलू देईनात. लेकरू पुण्यात, आई वाईत, मधे खंबाटकी.

"आई, ती रडली ना गं?" असं लेक पुन्हा पुन्हा विचारायची. तिने बाळाला धरलं नव्हतं. पुसून, गुंडाळून नेताना क्षणभर दाखवलं, तेवढंच. शेजारच्या खोलीतली बाळं रात्री रडायची, आणि तिच्या चोळीला ओल यायची. शरीराला कुठे ठाऊक असतं, की रडणारं बाळ आपलं नाही. त्या ओलीनेच तिला उठवून बसवलं असं मला वाटतं. सिस्टरने तिला हाताने दूध काढायला शिकवलं. आधी चीक आला, घट्ट, पिवळा, थेंब थेंब. आमच्या आधीच्या पिढ्यांनी हा चीक पिळून टाकून दिला आणि बाळाच्या तोंडात मध नाहीतर गुळाचं पाणी घातलं. ते थेंब लेकीने निर्जंतुक वाटीत असे धरले, की बघताना माझा श्वास अडकायचा. वाटीतून सिरिंजमध्ये, सिरिंज बर्फाच्या डब्यात, डबा माझ्या भाच्याच्या गाडीत. बोगद्यातून पुण्याकडे जायचं, घाट चढून रिकाम्या डब्यासह परतायचं. तिकडे ते दूध तोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने बाळाला मिळायचं, एका वेळी दोन मिली. भाचा एरवी फारसा न बोलणारा मुलगा. फोन करून सांगायचा, "आत्या, पोचलं." दूध म्हणायचा नाही, नुसतं 'पोचलं'.

पण पहिल्यांदा बाळाच्या पोटात गेलं ते आमचं दूध नव्हतंच. वाईहून डबा पोचायच्या आधी तिला दूधपेढीतलं दूध मिळालं, कुणा अनोळखी बाईचं. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. ज्यांना दूध जास्त येतं त्या आया ते देतात. देणाऱ्या आईचं रक्त तपासतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात. अकाली जन्मलेल्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं. डब्याच्या दुधावर त्याला सूज येऊन जिवावर बेतण्याचा धोका असतो, आईच्या दुधावर तो पुष्कळ कमी होतो. ती बाई कोण, कुठल्या गावची, तिचं बाळ मुलगा की मुलगी, आम्हाला कधीच कळणार नाही. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मी तिचं नाव माहीत नसताना तिच्यासाठी हात जोडते.

पाचवी आली. लेक आदल्या दिवशीच घरी आली होती आणि मागच्या खोलीतल्या बाजेवर एकटी होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, पाचवी पुजायची का? बाळ घरात नाही. मी म्हटलं, पुजायची. पाट्यावर वरवंटा उभा केला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, कोरा कागद आणि पेन ठेवलं. त्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून घर जागं ठेवायचं. लहानपणी मला ह्या जागरणाचं गूढ वाटायचं. आता त्यामागचा घोर दिसतो. पूर्वी विळ्याने नाहीतर दगडाने नाळ कापत, नाळेवर राख, शेण लावत, आणि जन्मानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धनुर्वात बाळाला गाठायचा. कालपर्यंत पिणारं बाळ तोंड घट्ट मिटून घ्यायचं, ताठ व्हायचं, जायचं. किती आयांनी हे बघितलं असेल. बाळ कधी जातं हे त्यांनी ओळखलं होतं, का जातं हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. ह्याला पुरावा माझ्याकडे नाही, पण मनाला पटतं. गर्भार बायकांना टोचलेल्या लशी आणि नाळ कापणारं स्वच्छ पातं यांनी तो रोग हटत गेला, आणि २०१५ साली आई व नवजात बाळाच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं.

आम्ही मायलेकी जाग्या होतो. मध्यरात्र उलटल्यावर तिने जावयांना फोन लावला. ते पुण्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होते. आत काय चाललंय, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर आहे तिच्यापाशी. दर तासाला काहीतरी लिहितेय." फोन ठेवून लेक कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. मग पहिल्यांदा झोपली.

पुण्याला जायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी बरोबर होते. विभागाच्या दाराशी पाटी होती, कोपरापर्यंत हात धुवा, दागिने काढा. लेकीच्या हातात डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा होता. ती थबकली. मीही थबकले. बाळंतिणीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायच्या, तेही बाळ असं आत असताना. मनाला फार लागणारी गोष्ट होती. विहीणबाई पुढे झाल्या. माझ्याहून मोठ्या, सोवळं पाळणाऱ्या, शकुन मानणाऱ्या बाई. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला, साबण लावला, एकेक बांगडी न फुटू देता उतरवली आणि पदराच्या टोकाला बांधून घेतली. "जा तू आत. माझ्यापाशी आहेत त्या," म्हणाल्या. मी त्यांना आजवर विहीणबाई म्हणत आले होते. त्या दिवसापासून ताई म्हणते.

आत फक्त आईवडिलांना सोडत, पण काचेतून दिसायचं. निळ्या उजेडात ती उताणी पडली होती, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. कावीळ झाली होती. हा निळा उजेड इथवर कसा आला, ते मी नंतर वाचलं. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाची परिचारिका होती, अशक्त बाळांना अंगणात उन्हात नेणारी. १९५६ साली तिने डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याच्या अंगावर जिथे ऊन पडलं होतं तिथला पिवळेपणा गेला होता, आणि दुपट्याचा कोपरा होता तेवढीच जागा पिवळी राहिली होती. त्या नजरेतून हे दिवे आले. आमच्या आज्यांनी बाळाला कोवळ्या उन्हात धरलं ते अगदीच वाया गेलेलं नाही. पण त्या उन्हाला माप नव्हतं आणि ह्या दिव्याला आहे. बाळाच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा माप हवंच.

तिच्या नाकात सीपॅपच्या दोन लहान नळ्या होत्या आणि पेटीशेजारच्या बाटलीतलं पाणी अखंड बुडबुडत होतं. श्वास सोडण्याची नळी पाण्यात जितकी खोल, तितका फुप्फुसांत दाब टिकतो. पाच सेंटिमीटर पाणी. वाईत जे ती कण्हून कण्हून स्वतः करत होती, ते काम आता ते पाणी करत होतं. तिने कण्हणं थांबवलं होतं.

लेक आत गेली तोवर बाळाला पेटीतून काढलं होतं आणि जावई खुर्चीत बसले होते. बाळ त्यांच्याच छातीवर, उघड्या अंगाला उघडं अंग, वरून पट्टा बांधलेला. जन्मल्यापासून त्या मुलीला पहिली ऊब बापाची मिळाली. आमच्या पिढीत बारशापर्यंत बाप बाळाला नीट धरतही नसे. लेकीला शेजारी बसवून सिस्टरने बाळ नळ्यांसकट अलगद उचललं आणि तिच्या छातीवर ठेवलं. लेकीने हात वर उचलले होते, कुठे ठेवावेत ते तिला कळेना. सिस्टरने एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीवर ठेवून दिला. "घाबरू नका, ती तुम्हाला ओळखते." थोड्या वेळाने ऑक्सिजनचा आकडा ९१ वरून ९५ वर गेला आणि हृदयाचे ठोके संथ झाले. काचेतून मला हे आकडे दिसत होते, लेकीचा चेहरा दिसत नव्हता. आकडे पुरेसे होते.

ही रीत गरिबीतून आली. कोलंबियात बोगोटाच्या प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त, एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत. १९७८ साली डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी लहान बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. पेटी नाही म्हणून आई, अशी ती सुरुवात होती. पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया ह्या पाच देशांतल्या रुग्णालयांत अभ्यास झाला, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंगमध्ये. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली बाळं. काहींना नेहमीसारखं आधी स्थिर होईपर्यंत वेगळं ठेवलं, काहींना जन्मताच आईच्या छातीवर, आईची खाटच अतिदक्षता विभागात आणून. २०२१ मध्ये निकाल आला. वेगळं ठेवलेल्यांत शंभरातली सुमारे सोळा बाळं गेली, आईपाशी ठेवलेल्यांत बारा. आई आत आली तर जंतुसंसर्ग वाढेल, असं सांगितलं जातं. ह्या अभ्यासात संसर्गाची शंका यावी अशी बाळंही आईपाशी कमीच निघाली. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, जन्मल्यापासूनच आईपाशी ठेवा.

हे कळल्यावर ते दार मला सोसवेना. आमच्या लेकीला आत जायला वेळा ठरवून दिल्या होत्या. वेळ संपली की बाहेर. बाहेरच्या बाकावर टाके घातलेल्या, पाय सुजलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका दिवसभर बसलेल्या असत. भोरकडची एक मुलगी होती, विशीतली. ती भिंतीला टेकून बसायची आणि दार उघडलं की दचकून उभी राहायची. डॉक्टर जीव ओतून काम करत होते, सिस्टर उभ्याने जेवत होत्या, त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण ते दार चुकीचं होतं. आपण हिरकणीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. दरवाजे मिटले म्हणून तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या बाईच्या नावाने बुरूज दाखवतो, एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष उभारतो. आणि तिच्या लेकींना काचेबाहेर बसवतो.

घरी आणली तेव्हा ती दोन किलोलाही भरत नव्हती, पण अंगावर ओढत होती, पोट भरलं की मूठ सोडत होती. मागच्या खोलीत शेगडी मी पेटवली नाही, धुरी दिली नाही. त्या फुप्फुसांना धूर नको. दुपटी मात्र सगळी वापरली. दिवसातले कितीतरी तास ती कुणाच्या ना कुणाच्या छातीशी असायची. दुपारी माझी पाळी. उघड्या अंगावर तिचा श्वास पडायचा, आणि माझं वय मला आठवत नसे. आशा कार्यकर्ती ठरल्या दिवशी पिशवीत वजनकाटा आणि तापमापक घेऊन यायची, दूध पिताना बघायची, छाती आत ओढली जाते का ते बघायची. तिच्या त्या पिशवीमागे गडचिरोली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे तीच रीत देशभरच्या आशांच्या हाती आली.

एक महिना व्हायच्या आत तिचे डोळे तपासून आणले. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तज्ज्ञाकडून तपासायलाच हवा. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या आणि वेळेत कळलं नाही, तर दृष्टी जाते. बाहेरून डोळे टपोरे, सुंदर दिसतात, त्यावर विसंबू नये. तिचे चांगले निघाले.

तुमच्या घरी असं बाळ आलं, तर अठमाशी जगतं का, असं बाळंतिणीसमोर कुणाला विचारू देऊ नका. तिचा चीक टाकू नका. तीस दिवसांची तपासणी विसरू नका. तुम्हाला पुरून उरेल इतकं दूध येत असेल तर जवळची दूधपेढी शोधा. आणि विभागाचं दार आईसाठी दिवसरात्र उघडं ठेवा, असं डॉक्टरांना सांगा. हात जोडून सांगा, लेखी अर्ज देऊन सांगा, पण सांगा. आजीने सांगितलं तर ते ऐकतात.